तिसरा स्विच

लिफ्टवाल्याची सगळी उमर लोकांना बरोबर मजल्यावर थांबवण्यात गेली. स्वतः कुठं थांबायचं, हे मात्र त्याला कधी कळलं नाही. दिवसा लिफ्टची दुरुस्ती आणि रात्री गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो. एकेका फोटोला सहा-सहा तास. तारे काय पळून चाललेत का, दिवसा निवांत काढ की, असं त्याची आई म्हणायची.

तारे पळत नसले तरी सरकतात. म्हणून दुर्बिणीच्या बैठकीत मोटर असते, ती नळीला ताऱ्यामागं हळूहळू फिरवते. पण मोटरला डोळे नसतात. मध्यरात्र उलटली की नळीचं खालचं टोक तिपाईच्या पायाला जाऊन भिडतं आणि मोटर आपली रेटतच राहते. अशाच एका रात्री मोटरच्या चाकाचे दात गेले, आणि सकाळी बायकोनं आपले दातओठ खाल्ले.

तेव्हापासून हा गडी रात्रभर गच्चीवर पहाऱ्याला, घटकाभर खुर्चीत, घटकाभर येरझाऱ्या. परिणामी एकदा लिफ्टच्या टपावर, दोन मजल्यांच्या मधोमध, हातात पाना धरून घोरताना सापडला. मालकानं आवाज न चढवता सांगितलं, की सोमवारी नव्या लिफ्टच्या तपासणीला मी स्वतः येतोय. पुन्हा डोळा लागलेला दिसला तर तुला कायमचा तळमजला दाखवीन.

मग अक्कल चालली. भंगारातून लिफ्टचे दोन स्विच आणून त्यानं बैठकीवर बसवले. नळी पायाजवळ आली की स्विच दाबला जाणार, मोटर बंद. दोन अशासाठी, की लिफ्टच्या धंद्यात पहिल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आता यंत्र आपोआप थांबेल आणि मी खाली झोपेन, असं त्यानं जेवताना जाहीर केलं.

पहिल्याच रात्री नळी पायापासून वीतभर अलीकडे बरोबर थांबली. त्याला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो शेजारी टॉर्च घेऊन बसला होता. दुसऱ्या रात्रीही थांबली. तिसऱ्याही. शनिवारपर्यंत स्विच ताजेतवाने होते, लिफ्टवाल्याचे डोळे तेवढे लाल.

रविवारी रात्री दुर्बीण चालू करून तो पाणी प्यायला खाली आला. बायकोनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. दोन वाजता तो उठून बसला.

"अगं, स्विच फसला तर?"

"दुसरा आहे ना? तोही फसला तर चाक बाजारात मिळतं. नोकरी कुठल्या दुकानात मिळते तेवढं सांगा, मग देते किल्ली."

दुकान काही आठवेना. आठवता आठवता झोप लागली.

सकाळी नळी वीतभर अलीकडेच थांबलेली होती. पहिला स्विच दाबलेला, दुसऱ्याला काम पडलंच नव्हतं. आणि फोटोतले तारे कधी नव्हे ते टिपक्यांसारखे गोल. इतके दिवस ताऱ्यांना फुटणाऱ्या शेपट्यांसाठी त्यानं मोटरला शिव्या घातल्या होत्या. शेपट्या निघाल्या त्याच्याच येरझाऱ्यांच्या. गच्ची हादरायची, तर दुर्बीण काय करणार.

दुपारी तपासणी पार पडली. टक्क उघड्या डोळ्यांनी त्यानं मालकाला फोटो दाखवला. रात्रभर पहारा कोण देतं, असं मालकानं विचारलं.

"कुणी नाही," लिफ्टवाला म्हणाला. "सगळं आपोआप."

आपोआप त्या वेळी घरी पिठाच्या डब्याच्या तळाशी गच्चीची किल्ली लपवत होतं.