वेळेवर खुडलेला फुटवा

टिळकवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या शारदाआक्का नर्स होत्या. सकाळी ड्यूटीवर निघताना फाटकापाशी जो भेटेल त्याची त्या चौकशी करायच्या. चौकशी म्हणजे ‘बरं आहे ना?’ एवढीच नव्हे. ‘वकीलसाहेब, परसाकडं साफ झालं का आज?’ अशी, खणखणीत आवाजात. वकीलसाहेब छत्री उघडून तोंड लपवत. मी शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. आक्का दिसल्या की सायकलची घंटी वाजवत सुसाट निघायचो.

‘लाजताय कशाला?’ त्या मागून ओरडायच्या. ‘पोट हाय ते. तुमी बोलला न्हाय म्हणून ते गप बसतंय व्हय?’

आक्का मूळच्या निपाणीच्या. आईनं तंबाखूच्या रानात मजुरी करून त्यांना शिकवलं. आम्हीही निपाणीकडचेच, तंबाखू पिकवणारे जैन. म्हणजे त्यांची आई आमच्यासारख्यांच्याच रानात राबली. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, आक्का नर्स झाल्या, आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आल्या. तरी आमच्या आईनं त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवला होता. आक्कांना ते कळत होतं. मलाही कळत होतं. मी गप्प राहिलो, हे लिहून ठेवलं पाहिजे.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझे थोरले भाऊ, अण्णा, निपाणीहून आमच्याकडे आले होते. अंगावरचा सदरा त्यांना हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता. ओट्यावर बसलेल्या अण्णांना आक्कांनी पाहिलं, जवळ जाऊन त्यांची पापणी खाली ओढली आणि विचारलं, ‘रगत पडतंय का?’

अण्णा खाली बघत म्हणाले, ‘मूळव्याध हाय. आमच्या आप्पांनाबी हुती.’

‘आप्पा कशानं गेले?’

‘त्यानंच.’

‘मूळव्याधीनं माणूस वाळत जाऊन मरत न्हाय, अण्णा. किती वर्साचे हुते?’

‘पन्नाशी गाठली न्हाय त्यांनी.’

आक्का पायरीवर टेकल्या. वर्षभर अण्णांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. कुणाकडून तरी पुड्या आणून गुपचूप घेत होते. दुसऱ्याच दिवशी आक्कांनी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून मिरजेला, ऑपरेशनला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचला होता.

अण्णा मग आमच्याकडेच राहिले. शौचासाठी पोटावर वाट काढून पिशवी लावली होती. आम्ही घरची माणसं बिचकत होतो. आक्का रोज ड्यूटीवरून आल्या की हात धुऊन ती पिशवी बदलायच्या आणि अण्णांशी निपाणीच्या बाजारातल्या गप्पा मारायच्या. एके दिवशी आईनं त्यांना आमच्यातल्याच कपातून चहा दिला. आक्कांनी चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘साखर कमी पडली की वो, आई.’

मग त्या माझ्यामागं लागल्या. ‘मास्तर, आता तुमी.’

‘मला काहीच त्रास नाही,’ मी म्हणालो.

‘सुरवातीला अण्णांना तरी कुठं हुता? हे बगा, तंबाखूला फुटवं येत्यात. आमची आई ते नखानं खुडायची. कवळं हाय तवर टचकन निघतंय. न्हाय खुडलं तर सगळं झाड त्येच खातंय. आतड्यात असंच बारकं कोंब येत्यात. त्यातला एखादा वर्सानुवर्सं वाढत वाढत कॅन्सर हुतोय. बाप गेला, भाऊ असा पडलाय. तुमच्यात कोंब हाय का न्हाय, ते बगायला नको?’

मुंबईत आता लांब नळीच्या दुर्बिणीनं सगळं मोठं आतडं आतून बघतात, कोंब दिसला तर त्याच नळीतून काढतात, हे त्यांनी डॉक्टरांकडून ऐकलं होतं. नळी कुठून घालतात हे कळल्यावर मी तीन महिने टाळाटाळ केली. शेवटी अण्णांनी खाटेवरून हाक मारली. ‘मी लाजलो, तिथंच फसलो. तू आक्का म्हणत्यात तसं कर.’

अण्णांना सोडून माझ्या बायकोला येता येईना. आक्कांनी रजा टाकली आणि माझ्याबरोबर मुंबईला आल्या. दोन दिवस नुसती पेज, सरबत. मग एरंडेल, मग एनिमा. मी रडकुंडीला आलो. आक्का म्हणाल्या, ‘पर्युषणात उपास करताय की. ह्यो डॉक्टरचा उपास.’

टेबलावर कुशीवर झोपवलं. नळीतून हवा सोडली तेव्हा पोटात कळ आली, पण मी कल्पिलं होतं त्याच्या पाव हिश्शानंही दुखलं नाही. आक्कांनी हात धरला होता. ‘आवळून धरू नका. श्वास सोडा.’ मग डॉक्टरांनी त्यांनाही दुर्बिणीतून बघू दिलं. आक्का जवळजवळ ओरडल्याच, ‘दिसला, मास्तर! देठावर बसलाय, द्राक्षासारखा!’ तारेच्या फासानं डॉक्टरांनी तो कापला. मला कळलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं. कॅन्सर नव्हता, पण कोंब त्या वाटेला लागला होता. पूर्ण निघाला आहे, ठरावीक काळानं पुन्हा तपासून घ्या, असं लिहिलं होतं. आक्कांनी पत्र वाचलं आणि पदर तोंडाला लावून रडल्या. ‘अण्णांचाबी कवातरी एवढाच असंल की वो,’ म्हणाल्या. अण्णांनी पत्र उशाखाली ठेवून घेतलं. पुढं चार महिन्यांनी ते गेले.

माझी धाकटी बहीण चिकोडीला दिली आहे. सासरची माणसं तिला अशा तपासणीला पाठवायला तयार नव्हती. आक्का स्वतः तिथं गेल्या, तिच्या सासूशी तासभर कन्नडमध्ये बोलल्या आणि होकार घेऊनच परतल्या. बहिणीच्या आतड्यात काही निघालं नाही.

आज माझं वय आप्पांपेक्षा जास्त आहे, अण्णांपेक्षाही. नातवंडांना मी मांडीवर घेतो, तेव्हा ही वर्षं कुणामुळे मिळाली हे मला ठाऊक असतं.

निवृत्तीनंतर आक्का मुलीकडे निपाणीला राहायला निघाल्या, तेव्हा त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढवली आणि मला राहवेना. भर गर्दीत त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी दंड धरून मला उभं केलं.

‘आमी पाया पडून घेत न्हाय, मास्तर. जय भीम म्हणा, बास.’

इतकी वर्षं मी वर्गात बोलत आलो, पण हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. म्हणालो. आवाज बारीक निघाला.

‘मोठ्यानं,’ आक्का म्हणाल्या.

आजूबाजूला निपाणीचीच माणसं होती, त्यातली दोघं आमच्या भावकीतली. मी मोठ्यानं म्हणालो.

‘जय भीम, मास्तर,’ आक्का म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.