मोठे टायर, त्याच रिम आणि आत्याची आवणी

हिराआत्याचा फोन आला तेव्हा मी आसनगावला घरी भाकऱ्या थापत होते. "राब गेला गो," ती म्हणाली. "डोंगराचं पाणी वरून गेलं. रोपाच्या जागी नुसता खडा राह्यलाय." राब म्हणजे भाताच्या रोपाचा वाफा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, वैशाखऱ्याच्या पुढे तीन किलोमीटर आत एका वाडीत एकटी राहते. तिचा मुलगा महेश वसईला असतो आणि त्याचं एकच पालुपद: "एक वर्ष शेत पडीक ठेव, सवय होईल, मग ये माझ्याकडे." शेत यंदा रिकामं राहिलं असतं तर आत्याला वसईच्या तिसऱ्या मजल्यावर जावंच लागलं असतं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

किन्हवलीला माझ्या भावाकडे, दिलीपकडे, रोप उरलं होतं. आमच्याकडे रोप विकत नाहीत. आपली आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की उरलेलं ज्याला लागेल त्याने न्यावं. अडचण दिवसाची होती. वाडीतल्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात लावणी करतात आणि आत्याची पाळी रविवारची. तो हुकला की बाया पुढच्या शेतात जाणार आणि उपटलेलं रोप तोवर टिकणार नाही. ट्रॅक्टर सगळे चिखलणीत अडकलेले. "मी आणते," मी फुशारकीने सांगून टाकलं.

फुशारकीला कारण होतं माझी सेकंडहँड फोर-व्हील जीप. गेल्या वर्षी आत्याच्या वाडीच्या वाटेवर, दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर ती पोटावर बसली होती. तेव्हापासून मोठे टायर घ्यायचं मनात होतं, आता निमित्त मिळालं.

शनिवारी शहापूरला ओळखीच्या शंकरदादांच्या टायरच्या दुकानात गेले. गाडीचे मूळ टायर २१५ रुंदीचे, मला हवे होते २३५. नवीन रिम खिशाला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून कंपनीच्याच रिमवर बसवायचे. दादांनी आधी रिम मोजली.

"सहा इंची हाय. दोनशे पस्तीस बसल. त्याच्या वर नाय जायचं ताई, टायरचं पोट भायेर येतं."

टायर चढल्यावर त्यांनी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घेतलं आणि टायर आणि पत्र्यामधल्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन बोटं जात होती. "रिकाम्या गाडीला चाललं. भरलेल्या गाडीचं मी नाय सांगत. मागं चार गोणी टाकून बगू?"

मी घड्याळ पाहिलं. "गोणी कशाला दादा, मला गवताच्या जुड्या तर न्यायच्यात."

शेतकऱ्याची मुलगी असून हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. वीस वर्षं कल्याणच्या ऑफिसात फायली उचलल्या की असं होतं.

तुम्ही टायर बदलायला जाणार असाल तर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून अर्धा दिवस राखून ठेवा. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. आणि फार स्वप्नं बघू नका: टायरची उंची तीन सेंटिमीटरने वाढली तरी गाडी दीडच सेंटिमीटर उचलली जाते. "एवढी तर तुझ्या चपलेची टाच आहे," इति नवरा.

रविवारी सहा वाजता किन्हवलीला पोचले. दिलीप आणि वहिनीने आदल्या दुपारपासून रोप उपटून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. मुळं चिखलाने लदलेली, पाणी निथळतंय. मागची सीट काढून आम्ही खिडक्यांपर्यंत गाडी भरली. मागचा भाग दुभत्या म्हशीसारखा खाली बसला.

"लय बसली गो," दिलीप म्हणाला.

"टायर मोठे आहेत," मी म्हणाले आणि निघाले.

किन्हवली ते सरळगाव रस्ता एरवी बरा, पावसाळ्यात मधूनमधून खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र असा आवाज येई. मला वाटलं जुड्या सरकतायत. सरळगावला चहा-वडापाव झाला. इथून माळशेजचा रस्ता लागतो. रविवारी आठच्या आत पुढे निघा, नाहीतर धबधबेवाल्या गाड्यांत अडकाल. टोकावडे मागे पडलं आणि जळक्या रबराचा वास सुरू झाला.

वैशाखऱ्याला गाडी बाजूला घेऊन गुडघ्यावर बसून पाहिलं. चाकावरच्या पत्र्याची आतली कड दोन्ही मागच्या टायरांना घासत होती. कडेला बोटभर रुंदीचा पट्टा सोलला होता. पुढे तीन किलोमीटर दगडगोटे. टायर फाटला असता तर गाडी आणि रोप दोन्ही रानात. मी आत्याला फोन लावला.

"आत्या, गाडी पुढं येत नाही गं."

तिने मग विचारलं, "रोप वलं हाय का?"

"आहे."

"मंग थांब तिथंच. आमी येतो."

पाऊण तास मी ओढ्याचं पाणी बाटलीने जुड्यांवर मारत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. हौस माझी, घाई माझी, आणि घर सुटणार आत्याचं.

त्या आल्या. आठ बाया, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, पुढे आत्या. तिने आधी रोपाला हात लावला, मग वाकून चाक पाहिलं.

"बैलगाडीला मोठी चाकं लावली तं माल भरायचा साटा पन वर घ्यावा लागतो. तू चाकं बदललीस, साटा हाय तिथंच."

"नोकरीवाल्यांना वल्या रोपाचं वजन कुठं ठावं!" तिची शेजारीण कमळ म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार.

निम्म्या जुड्या डोक्यांवर गेल्या. ओझं उतरलं तशी गाडी तीन-चार बोटं वर आली. फोर-व्हील आणि लो गिअर टाकून मी निघाले. टायरांना न्याय द्यायचा तर चिखलात पकड उत्तम होती, आणि गेल्या वर्षीचा उंचवटा न घासता पार झाला. तरीही बाया बांधाबांधाने माझ्या आधी पोचल्या. खरं तर भाड्याचा टेम्पो वैशाखऱ्यापर्यंत आणला असता तरी भागलं असतं.

चार वाजेपर्यंत शेत लावून झालं. मीही चिखलात उतरले. माझी ओळ वाकडी गेली, तर आत्या म्हणाली, "राहू दे, भाताला काय नाय कळत." बांधावर भाकर आणि सुकट खाल्ली, कंबर धरली होती तरी फार बरं वाटलं.

परतताना मुरबाडला टायर दाखवले. घाव वरवरचा निघाला. मूळ रिमवर मोठे टायर घालणाऱ्यांना माझं सांगणं असं: रिमची रुंदी मोजा, रिमला बसेल तेवढंच माप वर जा आणि गाडी भरून तपासा. ओझं न्यायचं असेल तर आधी मागच्या स्प्रिंगचं बघा. स्पीडोमीटर आता थोडा कमी वेग दाखवतो, पार्किंग करताना स्टिअरिंग जड लागतं. स्प्रिंगचं काम मी नंतर शंकरदादांकडे करून घेतलं. ते "मी बोललो व्हतो" असं म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

गणपती झाल्यावर आत्याचा फोन आला. "महेश आलता गो. मला न्यायलाच आलता, रिक्षा पन सांगून ठेवलेली. सकाळी शेतावर गेला. बांधावर किती येळ उभा, भात बघत. रिक्षावाल्याला परत धाडला."

"मग?"

"जाताना इचारलं, आई, कापणी कवा हाय? मी सांगितलं, दिवाळीच्या आधी ये. विळा हाय घरात."