डोहाळा हजूर साहिबचा

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत बसत नाही, धरूनच चालतात. माझ्या सासूबाईंनी मात्र सातवा लागायच्या आधीच सांगून टाकलं की बाळंतपण बडोद्यात होईल. नांदेडला आहे काय, म्हणे. धूळ, ऊन आणि तिथवर पोचायचा तो जीवघेणा प्रवास.

सासूबाई मूळच्या जुन्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या. घर नदीच्या अलीकडे, अकोट्याच्या नव्या वस्तीत बांधलं तरी मन पुलापलीकडेच राहिलं होतं. घराण्यातलं कुणीतरी कधीकाळी संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होतं, तेव्हापासून बडोद्याबाहेरही माणसं राहतात यावर या मंडळींचा विश्वास नसावा. मी 'काय करायलात?' म्हटलं की त्या हसायच्या आणि पाहुण्यांसमोर मला पुन्हा म्हणायला लावायच्या. स्वतः मात्र 'बरं'च्या जागी वाक्याआड गुजराती 'सारू' म्हणायच्या, ते शुद्ध! मी काय गप्प बसते? मुद्दाम आणखी नांदेडी बोलायचे.

शेजारी एक शीख कुटुंब होतं. मुलाचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि त्याची म्हातारी आई. तिला सगळे बीजी म्हणत. मी अंगणात पापड वाळत घालत होते तेव्हा तिनं कुंपणापलीकडून माहेर कुठलं म्हणून विचारलं. नांदेड, असं सांगून मी भांडायच्या तयारीतच उभी राहिले. बीजींनी ओढणी डोक्यावर घेतली, हात जोडले.

"हजूर साहिब," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. माझ्या आजीच्या वयाची बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्या घरात माझ्या गावाचं नाव कुणी नुसतं घेत नाही, हे मग त्यांनी सांगितलं. दहाव्या गुरूंचा अखेरचा मुक्काम तिथला. हजूर म्हणायचं, ते गुरू अजून समोर आहेत असं मानून. जुनी माणसं अबचलनगर म्हणतात, म्हणजे न ढळणारं गाव. अहो, ही नावं मला काय नवी होती? त्या गुरुद्वाऱ्यावरून मी शाळेत गेले, तिथल्या लंगरात जेवून वाढले. पण माझ्या गावाच्या नावाला कुणी डोकं झाकतं, हे बघायला मला बडोद्याला यावं लागलं. बीजींना तिथं जायला कधी जमलं नव्हतं. गोदावरीला पाणी किती असतं, हे त्या मलाच पुन्हा पुन्हा विचारत.

डोहाळजेवण सासूबाईंनी दणक्यात केलं, खोटं कशाला बोलू. झोपाळ्याला फुलं बांधली, दांडिया बाजारातल्या झाडून सगळ्या काकू-मावश्या बोलावल्या. बीजीही आल्या. माझी आई नांदेडहून मला न्यायच्या आशेनं आली होती. तिला सासूबाईंनी चहाबरोबरच नकार देऊन टाकला होता, आणि ती बिचारी कोपऱ्यात फुलांच्या वेण्या आवरत बसली होती. तिच्याकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओटी भरली. मग रीतीप्रमाणे सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "सांग सूनबाई, कसले डोहाळे लागलेत? मागशील ते देईन." मी फार तर बडोद्याचा तो ओलसर लीलो चेवडो मागेन, असं त्यांना वाटलं असणार. डोहाळा पुरवला नाही तर बाळाचे कान फुटतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

"मला हजूर साहिब हवंय," मी म्हणाले.

ही कुठली मिठाई, असं एका मावशीनं विचारलंच. तेव्हा बीजी उठल्या. डोकं झाकून त्यांनी हिंदीत सगळं सांगितलं, ते नाव काय, तिथं कोण राहिलं, आणि तिथं मूल जन्माला येणं म्हणजे केवढं भाग्य. सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी प्रवासाचं, डॉक्टरांचं काहीबाही काढून पाहिलं, पण शब्द देऊन बसल्या होत्या. शेवटी 'सारू, जा' म्हणाल्या. माझ्या आईच्या हातातली वेणी तशीच राहिली.

मुलगी नांदेडला झाली. तिला घेऊन परतले तेव्हा सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात आल्या. मागं त्याच काकू-मावश्या. तुकडा ओवाळून टाकला, आणि डोक्यावरून पदर घेत त्या मागं वळून कौतुकानं म्हणाल्या, "हजूर साहिबला जन्मलीय हं आमची नात!" बाळाला घ्यायला हात पुढं केले.

वा! बीजींनी तो मान दिला होता मनापासून. यांना मात्र माझं गाव चाललं ते दुसऱ्यानं दिलेल्या नावानं. माझ्या आईचं घर, तिची जागरणं, तिच्या हातचे डिंकाचे लाडू, ते सगळं अजून धुळीतच.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. बाळ दिलं नाही.

"नांदेडला, आई," मी सासूबाईंना म्हणाले. "नांदेड म्हणा."

त्यांचे हात तसेच पुढं होते. मुलगी कुरकुरायला लागली, तरी मी हलले नाही.

"नांदेडला," सासूबाई म्हणाल्या. पदर डोक्यावर तसाच होता. मग मी मुलगी त्यांच्या हातात दिली.