सुनेच्या व्हॅनचा बोल्ट

माझी सून कुंभवलीची पोरं बोईसरच्या शाळेत सोडते, स्वतःच्या व्हॅनमधून. दिवाळीनंतर त्या व्हॅनच्या पुढच्या चाकातून टकटक यायला लागली. गॅरेजवाल्याने चाकाला खालून धरणारा आर्म बदलला, पण जुना बोल्ट गंजून असा बसलेला, की कापावाच लागला. त्याच्या जागी पठ्ठ्याने चकचकीत स्टेनलेसचा घातला, कुठल्याशा केमिकल प्लांटच्या भंगारातला! आमच्याकडे हे असंच. समुद्राची खारी हवा, वर ॲसिडचा वास, खिडकीचे गजही सोलून निघतात. त्यामुळे स्टेनलेस दिसलं की माणूस हात जोडतो.

मी आपलं गॅरेजात सहज वाकून बघितलं. डोक्यावर कोरलेलं, ए-टू सत्तर. नट-बोल्टच्या कारखान्यात अशी डोकी बघबघून मी जन्मभर माल निवडलाय. चौथीनंतरची माझी शाळा तीच.

"हा काढ."

"मावशी, हा कधी गंजणार नाय. आणि नंबर बघा की! जुन्यावर दहा पॉइंट नऊ, ह्याच्यावर सत्तर. मोठं काय?"

"तुझी आजी सत्तरची, तू तिशीचा. सिमेंटची गोणी कोण उचलेल?"

बाकड्यावरची माणसं खिदळली. सून नाही हसली. "आई, सकाळी सातला पोरं रस्त्यावर उभी राहतील."

"आणि पोरं आत बसल्यावर चाक निखळलं तर?"

मग मी दोघांना सांगितलं, की हे आकडे एका मापाचे नव्हेतच. एकाच मापात मोजलं तर स्टेनलेसचा सत्तरवाला सातशेचा ताण सोसतो, दहा पॉइंट नऊवाला हजाराचा. गंज न लागणं निराळं, जोर सोसणं निराळं.

जुन्या बोल्टाचं कापलेलं डोकं रुमालात बांधलं आणि सुनेच्या स्कूटरवर मागे बसून थेट पालघर गाठलं. दुकानदार म्हणाला, "बारा पॉइंट नऊ न्या ना, अजून कडक." म्हटलं, नको बाबा. फार कडक माल वाकून इशारा देत नाही, काडकन तुटतो. गाडी बनवणाऱ्याने विचार करून दिलाय, तोच द्या. जाडी-लांबी मापून घेतली, नटही त्याच तोलाचा घेतला.

परत आलो तरी गॅरेजवाल्याचं आपलं तेच. "बोलायला सोपं हाय, मावशी."

"मग पिळून बघ की!"

त्याने स्टेनलेसचा बोल्ट काढून व्हाइसच्या शिकंज्यात धरला, नट चढवला, पान्याला लांब पाइप लावून ओढला. बोल्टाची मान बारीक झाली, आटे ताणले गेले. नवा तसाच धरला, तेवढाच जोर लावला. जागचा हलला नाही. हात पुसत तो म्हणाला, "मावशी, तो डबा पण बघून घ्या जरा." स्टेनलेसच्या बोल्टांचा अख्खा डबाच माझ्यापुढे ठेवला! मी म्हटलं, आधी व्हॅन.

पिळून बघितलेला परत गाडीत घालायचा नसतो, म्हणून मी दोन आणलेले. दुसरा बसवला, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळला. मी सुनेशेजारी बसले आणि उमरोळीच्या रस्त्याला व्हॅन काढायला लावली. ती खड्डे चुकवायला लागली.

"चुकवू नको गं, घाल त्यात!"

घातली. एक खड्डा, दुसरा, मग तो डबक्याएवढा तिसरा. चाकाखालून चकार शब्द नाही. सुनेने काच खाली केली आणि मोठ्याने हसली. सातच्या आधीच पोहोचते म्हणाली उद्या.