संत रोकचा कुत्रा

"मांडीला जखम हाय, पायाशी कुत्रा हाय, आन् तुमी मना नाव-पत्ता काय विचारता? शोधा त्याला!"

आवाज राई गावच्या एका मावशीचा. तो एवढा, की पोलीस ठाण्यातला वर्षभर बंद असलेला पंखा फिरायला लागला. माझ्या ठाणे अंमलदाराने शांतपणे सांगितलं, "मावशी, कुत्रा चावलाय तर आधी सरकारी दवाखान्यात न्या. इंजेक्शन तिथं मिळतं."

"चावला न्हाय रे मेल्या! पाव घेऊन आलाय!"

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. पुढे मी खुनाचे तपास विसरलो, दरोड्यांचे विसरलो. ही फिर्याद मात्र निवृत्तीनंतरही मला शब्दन् शब्द पाठ आहे.

हरवलेला इसम लाकडाचा होता. गावातल्या क्रूसाजवळच्या घुमटीतला हातभर उंचीचा संत रोक. साथीच्या रोग्यांची सेवा करता करता हा संत स्वतःच आजारी पडला आणि रानात एकटा जाऊन राहिला. तेव्हा एक कुत्रा रोज तोंडात पाव धरून त्याला आणून द्यायचा. म्हणून मूर्तीत तो झगा वर करून मांडीवरची जखम दाखवतो, आणि पायाशी पाव घेतलेला कुत्रा असतो.

"संत पीटरच्या हातात चावी, संत लुसीच्या ताटात डोळे," मावशी म्हणाली. "चेहरे सगल्यांचे सारखेच, सायब. खुणेवरनं वलखायचं."

"म्हणजे आमच्या रेकॉर्डसारखंच," मी म्हणालो. "डाव्या गालावर तीळ, उजव्या हातावर गोंदण."

मावशी हसली नाही. घुमटीची किल्ली तिच्याकडे असायची. कुलूप शाबूत आणि संत गायब, म्हणून गावात कुजबुज सुरू झाली होती, की हिच्या नवऱ्यानेच विकला. चार दिवसांवर संत रोकचा सण आला होता आणि नवरा घराबाहेर पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने मला एक फोटो पाठवला. जेसल पार्कमधल्या एका जुन्या फर्निचरवाल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस, त्यात विक्रीला हातभर उंचीचा एक लाकडी संत. दोन पंच, हवालदार आणि ओळख पटवायला मावशी, असा फौजफाटा घेऊन मी दुकानात शिरलो. मूर्ती होती. पण कुत्रा नाही आणि जखमही नाही!

"साहेब, ये तो संत जेम्स है," दुकानदार म्हणाला. "टोपी, काठी, झग्यावर शिंपला. यात्रेकरूची निशाणी आहे. गूगल करा ना."

मी केलं. बरोबर निघालं.

मग मी दाराशी स्टूल ओढलं, दार अडवायला ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर बूट टेकवला आणि दोन तास जबाब घेतला. माझ्या प्रश्नांनी भलेभले दरोडेखोर आईला हाक मारायचे. हा गडी उलट मलाच चहा पाजत होता.

मावशी इतका वेळ मूर्ती न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, "सायब, यात्रेकरू आमचा रोकबी व्हता. ह्यो जेम्स हाय, तर झगा कशाला वर धरलाय? बोट कुठं दाखवतोय?"

बोट मांडीकडे होतं. मांडी मात्र गुळगुळीत. मी पंचांसमोर नखाने खरवडलं. पुट्टीचा पापुद्रा उडाला आणि खाली लालभडक जखम दिसली.

दुकानदाराने हात जोडले. "साहेब, मला वाटलं डॅमेज आहे. गिऱ्हाईक डॅमेज माल घेत नाही, म्हणून रिपेअर केलं!"

मग सगळं बाहेर आलं. कुलपाला हात न लावता त्याने कोयंड्याचे स्क्रू काढले, मूर्ती उचलली आणि स्क्रू परत बसवले. फर्निचरवाल्याची सफाई!

"आणि कुत्रा?"

"तो कापून काढला. तोंडात काहीतरी अडकलेलं, चांगलं दिसत नव्हतं." बोलता बोलता त्याने हळूच माझ्या बुटाकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं.

मी पाय उचलला. ठोकळ्याच्या तोंडात पाव होता.

"साहेब," हवालदाराने पंचनामा लिहिता लिहिता विचारलं, "कुत्रा दाराजवळ मिळाला लिहू, की साहेबांच्या पायाखाली?"

"दाराजवळ," मी म्हणालो.

कोर्टात अर्ज देऊन सणाच्या आदल्या दिवशी जप्त केलेली मूर्ती सोडवली. सुताराने कुत्रा पुन्हा जोडला. सणाला मावशीने पावांची टोपली नवऱ्याच्या हातात दिली, आणि कुजबुजणाऱ्या सगळ्या गावाने त्याच्याच हातून पाव घेतला. मी उभा जन्म चेहऱ्यांवरून आणि खुणांवरून माणसं ओळखली. माणूस बोट कुठे दाखवतोय ते आधी बघावं, हे मात्र मला एका लाकडी संताने शिकवलं.

फक्त पहिला पाव मावशीने कुत्र्यापुढे ठेवला होता. मी छाती पुढे काढून विचारलं, "मावशी, तपास केला मी, आणि पहिला मान त्याला?"

"तुमी त्याच्यावर पाय ठेवला व्हता, सायब."