एबेलेची लाथ

चोआ चू कांग या उपनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एबेले राहायची. नवरा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत. ती शनिवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची आणि उरलेला आठवडा कॉरिडॉरमधल्या कुंड्यांशी बोलायची. या बाईने नायजेरियात चौतीस सिनेमांत काम केलंय आणि त्यातल्या एकतीस सिनेमांत ती खाष्ट सासू होती, हे तिला लिफ्टमध्ये पाहून कुणालाही खरं वाटलं नसतं. मला तर ते कळायलाच दोन वर्षं लागली. रॅफल्स प्लेसच्या बँकेत दिवसभर डोकं पिकवून आल्यावर शेजाऱ्यांची चौकशी करण्यातली मी नव्हे.

लागोसचे ते सिनेमे दहा दिवसांत उरकायचे. शूटिंग कुणाच्या तरी घरात, कपडे ज्याचे त्याने आणायचे. दिग्दर्शक सकाळी प्रसंग सांगणार, संवाद आपले आपण बोलायचे. एबेले तेव्हा शाळेत शिकवायची. एकदा ठरलेली नटी आली नाही म्हणून कुणीतरी हिला उभं केलं. हिने सुनेवर असा आवाज चढवला की शेजारचे लोक भांडण सोडवायला धावले. झालं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी बाई कायमची सासू झाली. बाजारात टोमॅटोवाल्या तिला टोमॅटो देईनात. म्हणायच्या, आधी सुनेला नीट वागव! हे सांगताना ती इतकी खूश व्हायची, की मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या कामाने कधी कुणी एवढं चिडलेलं नाही.

२००१ साली नवऱ्याच्या नोकरीपायी ती इथे आली. इथे सगळे तिला मुकाट्याने टोमॅटो द्यायचे.

२००६च्या जुलैत लागोसहून एका निर्मात्याचा फोन आला. नवा सिनेमा, सासूचीच भूमिका, शुक्रवारपर्यंत कळव. बुधवारी ती माझ्याकडे येऊन बसली.

"नाही म्हणणार आहे, विनीता. पाच वर्षं सशाच्या गोष्टी वाचतेय. आता मला कोण घाबरणार?"

"अगं, विचार तरी कर," मी म्हणाले. इतकं बिनकामाचं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, नंदाताई, पुण्याहून आल्या होत्या. दुपारी घरात एकट्या, म्हणून मी त्यांना एबेलेने दिलेल्या सिनेमांच्या व्हीसीडी पाहायला देऊन ठेवल्या. आईंचं इंग्रजी बेताचं, पण सासू-सुनेचं भांडण समजायला भाषा कशाला लागते? गुरुवारी त्यांनी एक प्रसंग पाहिला. बाळंतपणातून नुकती उठलेली सून पाहुण्यांसाठी रांधते. सासू सावकाश येते, एक घास चाखते, पाहुण्यांकडे बघून हसते आणि भरल्या भांड्याला लाथ मारते.

त्या संध्याकाळी मी बँकेतून येऊन टेकतेय तोच बेल वाजली. आईंनी दार उघडलं. बाहेर एबेले. आमच्यासाठी मुद्दाम केलेल्या टोमॅटोच्या लाल भाताचा डबा उंबऱ्याशी ठेवून ती सँडल काढत होती.

"तूच ना ती?" आई कडाडल्या. "अन्नाला लाथ मारतेस? ओल्या बाळंतिणीने रांधलेलं! हात नाही लावायची मी तुझ्या भाताला!"

"आजी, शी इज ओन्ली अ‍ॅक्टिंग लाह!" माझी लेक ऋता आतून इथल्या इंग्रजीत ओरडली. कोण ऐकतंय! आई बोट नाचवत आणखी पुढे सरसावल्या आणि त्यांचाच पाय त्या डब्याला लागला. बोलणं अर्ध्यात तुटलं. आई खाली वाकल्या, डब्याला हात लावून तो कपाळाला लावला, पुटपुटत माफी मागितली, सरळ झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "काय म्हणतायत त्या?" एबेलेने विचारलं. खोटं सुचेना.

"तू त्या भांड्याला लाथ कशी मारलीस, विचारतायत."

एबेले तिथेच कॉरिडॉरमध्ये खाली बसली. आधी हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "ती लाथ माझी होती, विनीता. दिग्दर्शकाने फक्त ओरड म्हणून सांगितलं होतं." मग आईंकडे इतक्या मायेने पाहिलं की आई गोंधळून आत निघून गेल्या. निर्मात्याला तिने माझ्या फोनवरून होकार कळवला. तो भात मी, नवरा आणि ऋता, आम्ही तिघांनी चाटूनपुसून खाल्ला. आईंनी खरंच हात लावला नाही.

नव्या सिनेमाची व्हीसीडी जानेवारीत आली. मी एक पुण्याला पाठवली आणि एक एबेले आणि मी, आम्ही दोघींनी पाहिली. यातही लाथ होती, पहिल्यापेक्षा जबर. पण शेवटी सून घर सोडून गेल्यावर सासू एकटी त्या भांड्यापाशी येते, वाकते, भांड्याला हात लावते आणि तो कपाळाला लावते. लागोसमध्ये याचा अर्थ कुणाला कळला असेल कोण जाणे. मी मात्र तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला.

रविवारी एबेले माझ्याकडे असतानाच आईंचा फोन आला. पाठवलेली व्हीसीडी त्यांनी पाहिली होती.

"तिला सांग, मी आले की जेवायला ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं."

मी एबेलेला सांगितलं. तिचे डोळे भरले, पण लगेच चेहरा संशयी झाला.

"थांब. लाथ मारली तेव्हा चिडल्या होत्या का? आधी ते विचार."

मी विचारलं.

"चिडले म्हणजे?" आई फोनमध्ये ओरडल्या. "समोरचं ताट बाजूला सारलं मी!"

ते ऐकल्यावर एबेले म्हणाली, "मग येते म्हणून सांग."