मामांचं पाण्याखालचं वावर

जमिनीवर जीव लावणारी माणसं वऱ्हाडात गावोगाव सापडतील. पण जी जमीन जागेवरच नाही तिच्यावर वर्षानुवर्षं जीव लावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा मोठा मामा होता. कामरगावपासून कोसभरावर त्यांचं गाव. कारंज्याकडे रेल्वेचा फाटा टाकायला निघाले तेव्हा रुळांखाली गिट्टी लागत होती, आणि नेमका चांगला काळा दगड निघाला तो मामांच्या उत्तम वावराखाली. सरकारनं वावर घेतलं, वरची माती बाजूला लोटली, सुरुंग लावले, आणि रेल्वे सुरू झाल्यावर मंडळी निघून गेली. मागे राहिली ती खदान, काठोकाठ हिरव्या पाण्यानं भरलेली.

दुसरा कोणी असता तर चार शिव्या देऊन विसरला असता. मामा विसरले नाहीत. मी गावच्या शाळेत मास्तर होऊन त्यांच्या घरी राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच मृगाच्या तोंडावर ते मामींना गंभीरपणे म्हणाले, "यंदा खदानीत जवारी टाकू. मांगच्या साली पऱ्हाटी होती, जमिनीले पालट पायजे." मामी चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "टाका. मासोया राखण करतीन." मला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. कोणाची म्हैस खदानीत डुंबायला उतरली की मामा काठावरून ओरडत, "अबे, हाक तिले! उभं पीक तुडवून राह्यली!" शिरपूरच्या एका व्यापाऱ्यानं जमीन किती म्हणून विचारलं, तर त्यांनी सगळी वावरं सांगून शेवटी तितक्याच सहजपणे सांगितलं, "आन एक पान्याखाली हाय." व्यापाऱ्याला वाटलं, ओलिताची जमीन. तो फार आदरानं बोलू लागला, आणि मामांनीही त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

या वेडाला गाव हसत असे. एक माणूस मात्र कधी हसला नाही. तो म्हणजे करीमचाचा, बैलांना नाल मारणारे. मामांची नि त्यांची मैत्री लहानपणापासूनची. त्यांचा एकुलता एक मुलगा युसुफ खदानीत सुरुंगासाठी भोकं पाडायच्या कामावर होता. एका पावसाळ्यात खदानीची कड ढासळली आणि तो खाली गेला. दरडीचा ढीग मोठा, वरून पाऊस, खालून झरे. माणसांनी खणून पाहिलं, दोर सोडून पाहिलं. पाणी चढतच राहिलं, आणि युसुफ वर आला नाही. हे मला गावात आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं, तेही मामींकडून. मामा खदानीबद्दल तासन्‌तास बोलत. पण युसुफचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. विहिरी आटल्या, खदानीचाही तळ दिसला, आणि सरकारनं दुष्काळी काम म्हणून खदान बुजवायला काढली. आसपासच्या गावांतली माणसं टोपली घेऊन आली. मामांना तर पंख फुटले. सकाळपासून ते काठावर उभे. डोक्यावर टोपलं घेतलेल्या बाईला थांबवून चिमूटभर माती उचलत, वास घेत, आणि म्हणत, "हे चोपन कायले आनली, बाई? हे खाली टाक. वर काळी पायजे, काळी!" मुकादमानं एकदा वैतागून विचारलं, "बुवा, तुमी कोन?" मामा म्हणाले, "मी वावराचा." वावराचा मालक म्हणाले नाहीत. नुसतं वावराचा.

खदान बुजली आणि खरा प्रश्न पुढे आला: या जागेचं करायचं काय? तहसीलदार स्वतः आले. निंबाखाली सतरंजी टाकली, गाव जमलं. दुकानदारांना तिथं आठवडी बाजार हवा होता. पोलिसपाटलांना सरकीचं गोदाम हवं होतं. त्यांचा जावई गोदाम बांधायला तयारच होता. बोलणं वाढत गेलं, आवाज चढले. शेवटी तहसीलदार म्हणाले, "जमीन मुळात ज्यांची होती त्यांचा हक्क पहिला. ते मागत असतील तर त्यांना परत मिळेल. नसतील, तर गावानं ठरवावं." सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. ज्या क्षणासाठी या माणसानं पाण्यावर नांगर चालवला होता, तो क्षण आला होता. मामा उभे राहिले, फेटा सारखा केला, आणि म्हणाले, "सायब, मले पोळ्यापर्यंत टाइम द्या."

गाव चकित झालं. मामी तर रागावल्याच. "उभा जलम खदान खदान केलं, आन आता देते त टाइम कायले पायजे?" मामा जेवण अर्धं टाकून उठले आणि मला म्हणाले, "चालतं का मास्तर, करीमकडे?"

करीमचाचा दारापुढे नाल ठोकत बसले होते. पोळा जवळ आल्यानं बैलांची रांग होती. मामा शेजारच्या दगडावर बसले. रांग संपेपर्यंत तिथंच थांबले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "करीम, ते वावर मले देऊन राह्यले. पन तिथं तुहा पोरगा हाय. मी त्याच्यावरून नांगर कसा फिरवू? तू म्हनशीन तसं. बजार म्हन, गोदाम म्हन, नाईतर तसंच पडू दे."

करीमचाचांनी हातोडी खाली ठेवली. हात पुसले. मग म्हणाले, "बजार भरला त लोकं थुकतीन, ढोरं मुततीन. गोदाम केलं त कुलूप लागन. पडीत ठेवलं त काटे उगतीन, कोनी फिरकनार नाई. तू पेर, भाऊ."

"नांगर लागन, करीम."

"लागू दे. युसुफ लई खाली हाय, त्याले नाई लागत." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. "पेरलं त तू रोज जाशीन तिथं. माहे गुडघे गेले, मले जानं होत नाई. कोनी तरी रोज जाईन त्याच्यापाशी."

मामांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. पोळ्याच्या दिवशी त्यांनी तहसीलदारांना होकार कळवला.

भरावाच्या जमिनीत पहिली ज्वारी काय येणार! गुडघ्याएवढी वाढली, कणसं मुठीत लपावीत एवढी. दुसऱ्यांच्या पिकाला नावं ठेवण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण या पिकाला नाव ठेवणाऱ्याशी ते महिनाभर बोलत नसत. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, दिवसातून एकदा ते तिथं जाऊन येत. पुढे जमीन सुधारली, पीकही उभं राहिलं. बांधावर बसून मामा कोणाशी तरी बोलत असतात, असं गुराखी सांगत. पाऊस कसा झाला, करीमनं आज कोणाच्या बैलाला नाल मारले, असलंच काही. मी कधी जवळ जाऊन ऐकलं नाही.

मामा गेले ते सुगीच्या दिवसांत, दोन दिवसांच्या दुखण्यानं. सगळं आटोपून आम्ही नदीवरून परत येत होतो. उन्हं कलली होती. गावाच्या वाटेवर समोरून करीमचाचा येताना दिसले, काठीवर सारा भार टाकून, दर चार पावलांवर थांबत. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. म्हटलं, "चाचा, घर तिकडं राह्यलं. कुठं चालले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काठी पुढे टेकली, आणि म्हणाले, "वावरात. आज कोनी गेलं नसन ना तिथं."

बाकीची मंडळी गावाकडे वळली. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो.